लेकवूड: कंत्राटावर चालणारं शहर

आज दिवसभर कॅलिफोर्नियातल्या लेकवूडचा नकाशा समोर होता. १९५० ते १९५३ मध्ये इथे सुमारे १७,५०० घरं उभी राहिली, बहुतेक ५० बाय १०० फुटांच्या प्लॉटवर. पूर्ण घर एकच टोळी बांधत नसे. पायावाले पुढच्या प्लॉटवर सरकले की मागून सुतार, मग गिलावेवाले, रंगारी. माजी सैनिकांना सवलतीचं गृहकर्ज मिळे. कृष्णवर्णीयांना मात्र घर विकत नसत, आणि हे मनाला लागतं. बाजारहाटाला मधोमध ‘मे कंपनी’ या दुकानसाखळीचं मोठं दुकान, भोवती अफाट पार्किंग.

शेजारच्या लाँग बीच शहरात विलीन व्हायचं नाही म्हणून रहिवाशांनी १९५४ मध्ये मतदान करून स्वतःचं शहर केलं. पोलीस खातं काढलंच नाही. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शेरीफकडून (तिथल्या पोलीसप्रमुखाकडून) सेवा कंत्राटावर घेतली. मला हीच युक्ती सगळ्यात शहाणी वाटते: कारभार आपला, यंत्रणा काउंटीची.