ओळख नसताना नोकरी कशी मिळाली, असे तुम्ही विचारलेत म्हणून

अभियांत्रिकीची पदवी घेतलेली गावाकडची मुले, आणि त्यांच्याहून अधिक त्यांचे वडील, मला विचारतात, "पुण्यात ओळखपाळख नसताना तुम्हाला पहिली नोकरी मिळाली कशी?" खरे तर ती नोकरी नव्हतीच, शिकाऊ उमेदवारी होती, आणि तिच्या आधी मी एका मुलाखतीत सपशेल आपटलो होतो.

२०२२ साली यांत्रिकी शाखेची पदवी घेऊन मी भोसरीत कॉट बेसिसवर राहू लागलो. महाविद्यालयात आलेल्या बहुतेक कंपन्या सॉफ्टवेअरच्या होत्या, आणि दहावीपासून सगळीकडे साठ टक्के हवेत या अटीने, बारावीच्या गुणांमुळे, मला दारातच अडवले होते. त्यामुळे रोज सकाळी एमआयडीसीतल्या फाटकांवर बायोडेटा देत हिंडायचे. नोंदणीपोटी आधी पैसे मागणारे एजंटही भेटले, त्यांना मी टाळले.

एका लहान कारखान्याच्या मालकांनी मात्र आत बोलावले आणि एक ड्रॉइंग पुढे ठेवले. त्यात २५ मिमी व्यासाच्या छिद्रापुढे 'एच ७' ही खूण होती, म्हणजे मापात किती फरक चालेल ते सांगणारी. "हे कशाने तपासाल?" मी म्हणालो, "व्हर्नियरने." या छिद्राला ०.०२१ मिमी एवढाच टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, असतो आणि नेहमीच्या व्हर्नियरचा (सरकत्या जबड्याच्या मोजपट्टीचा) लीस्ट काउंटच, म्हणजे तिच्यावर वाचता येणारे सर्वांत लहान माप, ०.०२ मिमी असतो, म्हणजे जवळजवळ टॉलरन्सएवढेच माप ज्याला कसेबसे दिसते, त्या साधनाने मी ते छिद्र पास करायला निघालो होतो. त्यांनी खणातून प्लग गेज, म्हणजे दोन टोकांना किंचित वेगळ्या जाडीचा तपासणीचा दंडगोल, काढला: त्याची 'गो' बाजू आत गेली पाहिजे, 'नो-गो' अडली पाहिजे. लिमिट्स आणि फिट्सवरचे, म्हणजे मापांच्या मर्यादा आणि भागांची जुळणी यांवरचे, प्रश्न मी परीक्षेत बिनचूक सोडवले होते, पण गेज हातात धरण्याची माझी ती पहिलीच वेळ होती.

मग मी शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवले आणि चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात वर्षभरासाठी लागलो. पदवीधराला तेव्हा किमान ९,००० रुपये विद्यावेतन होते आणि त्यातला निम्मा वाटा केंद्र सरकार उचलत असे. नवख्या मुलाला घ्यायला कारखाने राजी होतात त्याचे हे एक कारण. त्या पैशांत खोली आणि मेस भागवताना ओढाताण होई, आणि घरून पैसे मागवावे लागत, हे मी लपवत नाही.

वडील मंडळींना खटकते ते वेगळेच: इंजिनिअर होऊन मुलाने आयटीआयच्या मुलांबरोबर उभे राहायचे! मला ही तक्रार मुळीच पटत नाही. छिद्राचा व्यास तबकडीवर दाखवणारा डायल बोअर गेज छिद्रात किंचित झुलवून सर्वांत कमी वाचन कसे पकडायचे, हे मला अशाच एका मुलाने शिकवले. तो माझ्याहून तीन वर्षांनी लहान होता आणि मला 'सर' म्हणत असे. त्याचे ते 'सर' म्हणणे मात्र मला वर्षभरात थांबवता आले नाही.