ग्रुप असताना विकी कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. शिक्षकांच्या कुठल्याही प्रशिक्षणाला गेले की चहाच्या सुट्टीत कुणीतरी हे विचारतंच. "मॅडम, टाळेबंदीत आम्ही सगळ्यांनी व्हॉट्सॲपवर भागवलं. तुम्ही ते विकीचं काम कशाला अंगावर घेतलंत?"

सुरुवातीला मीही ग्रुपवरच शिकवत होते. जून २०२०, नववीचा भूगोल. वर्गातली काही मुलं कोल्हापूर शहरातली, काही नदीकाठच्या प्रयाग चिखली गावची, आणि तीन-चार जण गगनबावड्याकडं आजोळी अडकलेली. तिकडं पावसाळ्यात रेंज यायची ती टेकाडावर चढल्यावर. त्यांतला एक मुलगा रात्री वडील शेतातून आले की त्यांचा फोन हातात घ्यायचा. तोवर ग्रुपवर दीडशे मेसेज पडलेले. माझा प्रश्न, त्याची उत्तरं, मधेच कुणाचा वाढदिवस. तो वर सरकवत बसायचा आणि शेवटी 'ओके मॅडम' एवढंच लिहायचा. महिनाभर त्याचे 'ओके मॅडम' वाचल्यावर मला कळलं की हा वर्गात नाहीच. ग्रुपवर जो वेळेवर येतो त्याचंच बोलणं होतं.

विकीवर, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायच्या आणि कुणीही बदलू शकेल अशा वेबपानांवर, तसं होत नाही. पान जिथं आहे तिथंच राहतं. रात्री अकराला आलेला मुलगा सकाळच्या मुलाच्या वाक्याखाली आपलं वाक्य लिहितो आणि दोन्ही एकाच परिच्छेदात नांदतात. नुसत्या मजकुराचं पान हलकं असतं. व्हिडिओ अडकतो तिथंही ते उघडतं. विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी फुकट मिळतं. माझ्या भाच्यानं ते बसवून दिलं, बाहेरच्यांसाठी बंद ठेवलं आणि मुलांना फक्त पहिल्या नावाची खाती दिली.

मुलांना मी सांगितलं की पहिली विकी वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी सुरू केली. आपली टाळेबंदी लागली तीही २५ मार्चलाच, बरोबर पंचवीस वर्षांनी. हवाई भाषेत 'विकी' म्हणजे झटपट. आम्हाला मात्र ती उपयोगी पडली सावकाश येणाऱ्यांसाठी.

सगळ्यात जास्त काम केलं लाल दुव्यांनी. विकीत एखाद्या शब्दाला दुवा दिला आणि त्या नावाचं पान अजून नसलं, तर तो शब्द लाल दिसतो. पान लिहिलं की निळा होतो. मी आमच्या नदीचं, 'पंचगंगा' असं एक पान केलं आणि त्यात फक्त पाच ओळी लिहिल्या. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या तिच्या उपनद्या, पाण्याची पातळी मोजतात तो राजाराम बंधारा, राधानगरी धरण, इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. नावं सगळी लाल. गृहपाठ म्हणून वेगळं काही दिलं नाही. तिसऱ्या दिवशी कुंभी निळी झाली. लिहिणारा तोच, 'ओके मॅडम'वाला. त्याच्या आजोळाजवळून वाहणारी नदी. पाणी कधी गढूळ होतं, साकव कधी बुडतो, भाताची लावण कुठवर करतात, सगळं त्यानं लिहिलं होतं. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर होत्या. मी एकही दुरुस्त केली नाही. आठवडाभरात मुलांनीच केल्या.

घाबरणाऱ्यांसाठी धूळपाटी होती. मराठी विकिपीडियावर सरावाच्या पानाला हेच नाव आहे. माझी आजी खरोखरच्या धूळपाटीवर बोटानं अक्षरं गिरवून शिकली होती, त्यामुळं हा शब्द मला फार जवळचा. तिथं काहीही लिहा, पुसा, कुणी रागावणार नाही.

एकदा एका मुलीचा रात्री फोन आला, रडत. "मॅडम, माझ्याकडनं राधानगरीचं सगळंच उडालं की!" मी तिला 'इतिहास' उघडायला सांगितलं. कुणी, किती वाजता, काय बदललं याची प्रत्येक आवृत्ती तिथं राहते. जुनी आवृत्ती परत आणायला तिला मिनिटभर लागलं. त्यानंतर ती वर्गातली सगळ्यात धीट संपादक झाली. मलाही त्या इतिहासानं शिकवलं. नुसतं उत्तर तपासताना मला कधीच दिसलं नसतं की एका मुलानं एकच वाक्य सहा वेळा बदललंय, आणि सहाव्यांदा त्याला उतार आणि प्रवाहाचा संबंध कळलाय.

ज्यांच्या घरी फोनच नव्हता त्यांचं पूर्ण समाधान मला करता आलं नाही. पानांच्या प्रिंट पाठवायचो, ती मुलं कागदावर लिहून द्यायची, शेजारचा वर्गमित्र टाईप करायचा आणि खाली नाव लिहिणाऱ्याचंच टाकायचा. पण शेजारी वर्गमित्र नसला की तेही अडायचं. दोन मुली त्या वर्षी माझ्या हातून सुटल्या, याचं दुःख आजही आहे.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. मुलं तेव्हा दहावीत गेली होती. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, तरी 'पंचगंगा'च्या पानावर राजाराम बंधाऱ्याच्या पातळीचे आकडे पडायला लागले. सकाळी एक, संध्याकाळी एक. ४३ फूट ओलांडल्यावर चिखलीच्या मुलाच्या नोंदी थांबल्या. दोन दिवस मी ते पान उघडून बघत होते. तिसऱ्या दिवशी त्या पानाला जोडलेल्या चर्चापानावर त्याची ओळ आली, "आमी सगळी सोनतळीला आलोय. जनावरंबी आणली. आकडे मागनं भरतो." त्याच्या खाली, गगनबावड्याकडच्या मुलानं लिहिलं होतं, "तू ऱ्हाऊ दे. मी भरलेत."