लेव्हन हेल्म, त्यांचा ताफा आणि एक थकलेला आवाज

मोठा ताफा म्हटला की मोठा आवाज असणारच, असे आपण सहसा गृहीत धरतो. २०१० च्या शरद ऋतूत न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉक गावी मी अमेरिकन ड्रमवादक आणि गायक लेव्हन हेल्म यांना त्यांच्या स्वतःच्या जागेत ऐकले. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन, ट्युबा, गिटारी, मॅन्डोलिन, बास, पियानो आणि गाणारे तीन-चार गळे असा जवळपास डझनभर कलावंतांचा मेळा समोर होता. तरीही, शेजारच्या माणसाने लाकडी फरशीवर पायाने धरलेला ठेका ऐकू यावा इतकी मोकळी जागा त्या संगीतात होती. इतकी माणसे एकत्र येऊन इतके कमी वाजवताना मी त्यापूर्वी कधी ऐकली नव्हती, आणि त्यामागचे कारण समजून घ्यायचे तर हेल्म यांच्या गळ्याची हकिगत सांगायला हवी.

हेल्म यांचा जन्म १९४० चा, आर्कान्सा राज्यात कापूस पिकवणाऱ्या कुटुंबातला. मिसिसिपी नदीलगतच्या त्या सखल मुलखात ब्लूज, कंट्री आणि चर्चमधली गाणी एकाच मुलाच्या कानावर पडत असत. जवळच्या हेलेना गावातून सनी बॉय विल्यमसन यांचा ब्लूजचा कार्यक्रम रेडिओवर होत असे आणि त्यांचे ड्रमवादक पेक कर्टिस यांचे हात पाहत पाहत लेव्हन शिकले. शाळा संपताच ते रॉनी हॉकिन्स यांच्या बँडबरोबर कॅनडात गेले आणि तिथेच त्यांना चार कॅनेडियन साथीदार मिळाले. पुढे हॉकिन्स यांच्यापासून वेगळी होऊन, मग बॉब डिलन यांना साथ करून, ही पाच जणांची मंडळी ‘द बँड’ या साध्या नावाने लोकांपुढे आली. १९६८ साली, रॉक संगीत दिवसेंदिवस अधिक कर्कश आणि दिखाऊ होत असताना, त्यांनी आपल्या पहिल्याच अल्बममध्ये अमेरिकेच्या मातीतले जुने सूर इतक्या संयमाने मांडले की त्या एका अल्बममुळे अनेक प्रस्थापित वादकांना आपली दिशा तपासून पाहावी लागली. त्या पाचांत अमेरिकेचे एकटे हेल्मच होते, आणि त्या गाण्यांतली दक्षिणेची बोली, तिथला शेतकरी, यादवी युद्धातली तिथली हार हे सारे ऐकणाऱ्याला खरे वाटले ते मुख्यतः त्यांच्या आवाजामुळे, असे माझे ठाम मत आहे.

नेमका हाच आवाज १९९८ मध्ये घशाच्या कर्करोगाने हिरावून घेतला. स्वरयंत्र काढून टाकण्याऐवजी रेडिएशनचा मार्ग स्वीकारल्यामुळे ते वाचले, पण बराच काळ कुजबुजण्यापलीकडे त्यांना काही जमत नव्हते. उपचारांच्या खर्चाने घर हातचे जाण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी २००४ पासून घरालगतच्या कोठारात, म्हणजे तिकडच्या भाषेत बार्नमध्ये, शनिवारच्या रात्री तिकीट लावून कार्यक्रम सुरू केले. त्यांना नाव दिले ‘मिडनाइट रॅम्बल’. लहानपणी त्यांच्या गावी फिरते खेळ येत, तंबू ठोकले जात, आणि बायका-मुलांसाठीचा खेळ संपला की रात्री उशिरा मोठ्यांसाठी वेगळा, अधिक मोकळाढाकळा खेळ रंगे, त्यावरूनच हे नाव. सुगीनंतर कनातीत रंगणारे आपल्याकडचे तमाशाचे फड ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे फारसे परके वाटू नये. सुरुवातीला हेल्म तिथे फक्त ड्रम वाजवत. मग हळूहळू, आधी साथीला आणि नंतर एकेका गाण्यापुरता, त्यांचा आवाज परत आला. २००७ मध्ये ‘डर्ट फार्मर’ हा अल्बम आला आणि त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

आम्ही न्यू जर्सीहून गाडीने गेलो. येणाऱ्याने एखादा पदार्थ सोबत आणावा अशी तिथली पद्धत असल्यामुळे पत्नीने सकाळीच कोथिंबीर वड्या तळून डब्यात भरल्या होत्या. आत शिरताच लांब टेबलावर ‘पाय’ नावाचे भाजलेले गोड पदार्थ, केक, उकडलेला मका, घरचा पाव अशी रांग लागलेली होती. एका वृद्ध बाईंनी वडी उचलली, सावकाश खाल्ली आणि त्यात डाळीचे पीठ आहे का, असे अगदी आस्थेने विचारले. वुडस्टॉकच्या नावाने ओळखला जाणारा १९६९ चा संगीत महोत्सव प्रत्यक्षात या गावी झालाच नाही, तो इथून बऱ्याच अंतरावरच्या बेथेल इथे भरला होता. गावातल्या दुकानांतून मात्र त्याचीच आठवण विकली जाते, आणि मला ते खटकले, कारण या गावाचे खरे संगीत डोंगराच्या कुशीतल्या या कोठारात चालू होते. १९९१ मध्ये आगीत जळाल्यावर ते पुन्हा बांधलेले आहे. उंच छप्पर, जाड तुळया, वरच्या बाजूला सज्जा आणि सगळीकडे लाकूड, त्यामुळे ध्वनी घुमत नाही आणि बोथटही होत नाही.

ड्रमचा संच मंचाच्या मागच्या बाजूला नव्हता. तो एका कडेला, ताफ्याकडे तोंड करून लावला होता आणि आमच्या खुर्च्यांपासून हाताच्या अंतरावर असल्यासारखा होता. हेल्म अगदी बारीक झाले होते. गाताना ते मान एका खांद्याकडे वळवून मायक्रोफोनला तोंड देत आणि त्या वेळी त्यांचे हात जणू दुसऱ्याच कोणाचे असावेत इतके निवांत चालत. त्यांचा प्रत्येक आघात अपेक्षेपेक्षा किंचित उशिरा पडे. लय ढळत नसे, पण ती मागे रेलून बसलेली असे आणि समेवर येण्याची त्यांना कसलीच घाई नसे. ड्रमची चामडी सैल असल्यामुळे नाद जाड आणि आखूड येई, झांजांचा वापर मोजकाच. मी आजवर ऐकलेल्या ड्रमवादकांमध्ये शब्द ऐकून वाजवणारा असा दुसरा कोणी नाही. ओळीतला महत्त्वाचा शब्द आला की हात आपोआप हलका होई.

ताफ्याची खरी गुरुकिल्ली लॅरी कॅम्पबेल यांच्याकडे होती. ते गिटार, फिडल, मॅन्डोलिन असे एकेक वाद्य बदलत होते, पण त्यांची नजर हेल्म यांच्यावरून हलत नव्हती. त्या रात्री हेल्म यांनी मोजकीच गाणी गायली आणि त्यांतही त्यांचा आवाज मधूनमधून खरखरत, तुटत होता. वरच्या सुरावर जाण्याआधी त्यांनी श्वास घेतला की त्यांची मुलगी एमी आणि तेरेसा विल्यम्स या दोघी अगदी तेवढ्यापुरत्या आत येत, तो सूर तोलून धरत आणि ओळ संपायच्या आत बाजूला होत. कोणी कोणाला झाकत नव्हते. उरलेली गाणी इतरांनी वाटून घेतली होती, आणि त्या वेळी हेल्म यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसे तो स्वतः गाण्याच्या आनंदापेक्षा तसूभरही कमी नव्हता.

फुंकून वाजवायच्या वाद्यांचा विभाग हा माझ्या दृष्टीने त्या रात्रीचा सर्वांत मोठा ठेवा होता. १९७१ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये ‘द बँड’चे कार्यक्रम झाले, तेव्हा न्यू ऑर्लिन्सच्या ॲलन तूसाँ यांनी त्यांच्या गाण्यांसाठी या वाद्यांची रचना लिहून दिली होती. तूसाँ यांनी ट्रम्पेट-सॅक्सोफोनला गाण्यावर स्वार होऊ दिले नाही. त्यांनी त्यांना ओळींच्या फटींत बसवले, अर्धवट वाक्य बोलून थांबल्यासारखे. त्या कार्यक्रमांत ट्युबा आणि बॅरिटोन सॅक्सोफोन वाजवणारे हॉवर्ड जॉन्सन जवळपास चार दशकांनंतर वुडस्टॉकच्या त्या कोठारातही हेल्म यांच्या पाठीशी होते. ट्युबाचा खर्ज बासच्या खाली अंथरला गेला की सगळ्या संगीताला एक बैठक येई आणि त्या बैठकीवर थकलेला आवाजसुद्धा न डगमगता उभा राही. शेवटी १९६८ च्या अल्बममधले सर्वांना पाठ असलेले गाणे आले. त्याची कडवी वेगवेगळ्या गळ्यांना वाटून दिली होती आणि धृपद सगळ्या कोठाराने म्हटले.

हेल्म १९ एप्रिल २०१२ रोजी गेले. आज ‘द बँड’च्या पाचांपैकी कोणीही हयात नाही. त्या कोठारात मात्र अजूनही कार्यक्रम होतात. ज्यांना हा ताफा ऐकायचा आहे त्यांनी नॅशव्हिलच्या रायमन सभागृहात २००८ मध्ये झालेल्या त्यांच्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण अवश्य मिळवावे. ते २०११ मध्ये प्रकाशित झाले आणि त्यालाही ग्रॅमी मिळाले. सभागृह मोठे असल्यामुळे त्यात टाळ्यांचा गजर अधिक आहे, पण चांगले हेडफोन लावून एकदा फक्त ड्रम, मग फक्त ट्रम्पेट-ट्रॉम्बोनची मंडळी आणि मग साथीचे गळे असे वेगवेगळे ऐकले, तर कोण कुठे थांबते आहे हे लख्ख कळते.