शेततळ्यातले पाणी आणि वटावाचा दर

जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या पट्ट्यात हिवाळ्यात फिरताना काळ्या प्लास्टिकच्या कागदाने अस्तरीकरण केलेली, काठोकाठ भरलेली शेततळी दिसतात. त्यांत पाणी सोडणाऱ्या पाइपचे दुसरे टोक शोधत गेले की अनेकदा विहीर किंवा बोअर लागते. वाहून जाणारे पावसाचे पाणी अडवावे, ही शेततळ्यामागची मूळ कल्पना. पण येथे जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी उपसून उन्हात ठेवले जाते आणि त्यातील काही हिस्सा उन्हाळ्यात वाफ होऊन उडून जातो. २०१२-१३च्या दुष्काळात याच भागातील बागा वाळल्या होत्या आणि नवी बाग फळावर यायला काही वर्षे जातात, हे पाहता शेतकऱ्याला दोष देणे मला जमत नाही. बदलत्या पावसाशी जुळवून घेण्याचा हाच उपाय त्याच्या हाती आहे.

प्रश्न असा, की या उपायाचा खर्च कोण भरतो? काळ्या पाषाणात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खालच्या भेगांत. वरचा थर चांगल्या पावसाळ्यात भरून निघतो, खोल भेगा मात्र फार सावकाश भरतात. त्यामुळे खोल बोअर मारणारा व्याज नव्हे, मुद्दल खात असतो.

अर्थशास्त्रात पुढच्या पिढीवर पडणाऱ्या अशा खर्चाचे आजचे मोल वटावाच्या दराने, म्हणजे भविष्यातला रुपया दर वर्षामागे किती टक्क्यांनी कमी लेखायचा त्या दराने, ठरते. शंभर वर्षांनंतरचे १०० रुपये ५ टक्के दराने आज अवघे ७६ पैसे भरतात. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांच्या हवामानबदलावरील २००६च्या अहवालातील सुमारे १.४ टक्के दराने तेच २५ रुपयांच्या आसपास जातात. केवळ नंतर जन्मले म्हणून कोणाचे सुख कमी लेखणे नैतिकदृष्ट्या समर्थनीय नाही, असे ब्रिटिश गणितज्ञ व तत्त्वज्ञ फ्रँक रॅम्सी यांनी १९२८मध्येच म्हटले होते. चढ्या दराच्या बाजूने दिला जाणारा मुख्य युक्तिवाद असा, की पुढची पिढी अधिक श्रीमंत असेल. देशाच्या सरासरीबाबत तो कदाचित खराही ठरेल. परंतु कोरड्या शिवाराचा वारसा सरासरी माणसाकडे जात नाही, तो त्याच गावात मागे राहिलेल्याकडे जातो, आणि पैशाने तेथील भेगा भरत नाहीत. शिवाय खासगी सावकाराचे व्याज भरणाऱ्याला चाळीस वर्षांपुढचा हिशोब करायला सांगणे ही थट्टाच आहे. पिढ्यांमधील न्यायाची चर्चा आजच्या पिढीतील विषमता वगळून करता येत नाही, असे मला वाटते ते यासाठीच.

महाराष्ट्राच्या २००९च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई आहे. तरीही बोअरची गाडी त्याखाली सहज जाते. याउलट हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर न घेण्याचे बंधन स्वतःवर घातले आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. प्रत्येक गावाला ते साधेल असे नाही. निदान शेततळ्याला अनुदान देताना तळे कोणत्या पाण्याने भरणार, ही अट घालावी, तिची तपासणी जानेवारीत करावी आणि खोल उपसा सोडणाऱ्याला बागेच्या नुकसानीचा काही भाग सरकारी तिजोरीतून मिळावा.