आमच्या आंब्याच्या वेबसाइटवरचं तुटकं मराठी: माझा अनुभव

देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे, बाग बाबा बघतात आणि मी पुण्यात नोकरी करते. आजवर ऑर्डरी ओळखीतून आणि व्हॉट्सॅपवर यायच्या, मागच्या वर्षी ठरवलं की वेबसाइट करायचीच. डोमेन, होस्टिंग, पेमेंटचं सगळं चार दिवसांत उरकलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. जीव काढला तो एका हेडिंगने. साडेतीन आठवडे गेले त्याच्यात, आणि ते पण ऐन फेब्रुवारीत, जेव्हा मार्चच्या पहिल्या पेट्यांचं बुकिंग सुरू व्हायला हवं होतं. अजून आठवलं की राग येतो, म्हणून लिहितेय.

एका एजन्सीला १८ हजारांत काम दिलं, निम्मे आधी. त्यांनी डेमो दाखवला तो इंग्रजी मजकुराचा. मोठं हेडिंग, अक्षरांमध्ये ऐसपैस जागा, एकदम देखणं. मी लगेच हो म्हटलं. तुम्ही असं करू नका, डेमो बघायचा तर आपलाच मराठी मजकूर टाकून बघायचा आणि मगच पैसे द्यायचे.

कारण मराठी टाकल्याबरोबर सगळं विस्कटलं. ‘देवगड हापूस, थेट बागेतून’ एवढंच हेडिंग, पण शिरोरेषाच तुटली. दे वेगळा, व वेगळा, ग वेगळा, प्रत्येकाच्या डोक्यावर आपली आपली छोटी रेघ आणि मध्ये फट. फोनवर हेडिंग दोन ओळींत जायचं तेव्हा तर वरच्या ओळीतल्या पू चा ऊकार खालच्या गे च्या मात्रेत घुसायचा. बाबांना स्क्रीनशॉट पाठवला तर म्हणाले, “अगं, हे बघून लोकांना वाटेल की आपल्याला मराठी लिहिता येत नाही.” मला फार लागलं ते.

एजन्सीला मेल केला. पाच दिवसांनी उत्तर, “मॅडम, आमच्याकडे बरोबर दिसतंय.” मी परत स्क्रीनशॉट पाठवले, माझ्या लॅपटॉपचा, बाबांच्या अँड्रॉइडचा, बहिणीच्या आयफोनचा. गंमत म्हणजे तिन्हीकडे अक्षरांचं वळणच वेगळं होतं. त्याचं कारण मला नंतर कळलं. त्यांनी लावलेला फॉन्ट होता माँटसेराट, त्यात देवनागरी नाहीच, मग जो तो फोन किंवा कॉम्प्युटर आपल्याकडचा फॉन्ट दाखवतो, विंडोजवर निर्मला, अँड्रॉइडवर नोटो, आयफोनवर कोहिनूर. म्हणजे आम्ही फॉन्ट निवडलाच नव्हता. त्यावर त्यांचं उत्तर काय, तर “मराठी वेबसाइटवर असंच दिसतं, तुम्ही हेडिंग इंग्रजीत ठेवा.” का ठेवू? आमचं निम्मं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईतली साठीच्या पुढची माणसं, ती मराठीत विचारतात, मराठीत भाव करतात.

अजून आठ दिवस गेले आणि मेल आला, “रिझॉल्व्ह्ड.” उघडून बघते तर त्यांनी हेडिंगचं चित्र करून चिकटवलं होतं! लॅपटॉपवर छान दिसलं, फोनवर ते आकसून एवढंसं झालं की वाचताच येईना, आणि चित्रातला मजकूर सर्चला नीट कळत नाही, स्क्रीन रीडरला (दिसत नसलेल्यांना पान मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वाचता येत नाही, किंमत बदलली की परत नवीन चित्र. तेव्हा मात्र माझा संयम संपला.

त्या रात्री मी स्वतःच बसले. चित्र काढून हेडिंग परत टाइप केलं, क्रोममध्ये त्याच्यावर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट उघडलं. बाजूला त्या हेडिंगचे सगळे नियम दिसतात, प्रत्येकापुढे टिकची चौकट. एकेक टिक काढत गेले. लेटर-स्पेसिंगची टिक काढली आणि माझ्या डोळ्यांसमोर दे-व-ग-ड एकमेकांना चिकटले, वरून एक सलग रेघ! मी रात्री साडेबाराला बाबांना फोन केला. एवढंच होतं, इंग्रजी थीममध्ये (म्हणजे साइटच्या तयार डिझाइनमध्ये) अक्षरं एकमेकांपासून लांब ठेवायची सेटिंग होती, इंग्रजीत ती शोभते, आपल्याकडे शिरोरेषा तोडते. ती शून्य करायची. खाली लाइन-हाइट, म्हणजे एका ओळीला मिळणारी उंची, १.१ होती, आपल्याला वर वेलांटी, रफार आणि खाली उकार, एवढी सगळी जागा लागते, मी हेडिंगला १.४ आणि मजकुराला १.७ केली, मात्रा सुटल्या. २ ओळींचं काम, त्यासाठी साडेतीन आठवडे.

‘मुक्त’ (Mukta) नावाचा फॉन्ट लावला, मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांचा आहे, गुगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो, देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही आहेत त्यात त्यामुळे मध्येच ‘जीपे’ इंग्रजीत आलं तरी विजोड दिसत नाही. त्याची ७ वजनं, म्हणजे बारीक ते जाड असे प्रकार, आहेत, मी २ च घेतली, साधं आणि ठळक, नाहीतर पान जड होतं. इंग्रजीत कॅपिटल करून शब्द उठून दिसतो, आपल्याकडे कॅपिटल नाही आणि तिरकी अक्षरं बघवत नाहीत, म्हणून महत्त्वाचं काय ते फक्त आकार आणि ठळकपणानेच दाखवायचं. मजकूर १८ पिक्सेल ठेवा, त्याच आकारात देवनागरी इंग्रजीपेक्षा बारीक वाटते.

हां, आणि सेटिंगमध्ये साइटची भाषा मराठी करा, आमची इंग्रजीवर होती. त्याने स्क्रीन रीडर नीट वाचतो, आणि फॉन्टमध्ये सोय असेल तर आपला पाकळीचा ल आणि देठाचा श येतो, हिंदी वळणाचा नाही.

रंगाचं राहिलं. आंबा म्हणून पिवळं बटण आणि त्यावर पांढरी अक्षरं केली होती. आत्या आमची ६७ वर्षांची, तिला अंगणात उन्हात फोन दिला आणि म्हटलं ऑर्डर दे. तिला बटणच सापडेना. “इथे नुसता पिवळा पट्टा आहे गं,” म्हणाली. कॉन्ट्रास्ट चेकरमध्ये, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांतला उजेडाचा फरक मोजणाऱ्या साधनात, टाकलं तर १.६ आला, आणि वेबचा नियम सांगतो साध्या मजकुराला किमान ४.५ हवा. अक्षरं गडद तपकिरी केली, ८ च्या वर गेला, पिवळा तसाच राहिला. बटण ४८ पिक्सेल उंच केलं, बोट नीट बसतं. आत्याने दुसऱ्या खेपेला एका मिनिटात ५ डझनाची पेटी निवडून दाखवली.

पहिल्या पानावर पाच फोटोंचा फिरता स्लायडर होता, तो काढून एकच फोटो ठेवला, आढीतल्या आंब्यांचा, बाबांनी सकाळच्या उजेडात काढलेला. फोटोखाली भाव, भावाखाली बटण, आजूबाजूला मोकळी जागा. एजन्सीने ती जागा पण ऑफरच्या पट्ट्यांनी भरली होती, मी सगळे उडवले, कारण माणूस येतो तो भाव काय आणि कधी मिळेल हे बघायला. मूळ फोटो ६ एमबीचा होता, वेबपी (फोटो हलका करणारा फाइलचा प्रकार) करून २०० केबीच्या आत आणला, गावाकडच्या रेंजवर पण पटकन उघडतो.

साइट १२ मार्चला सुरू झाली. उरलेले ९ हजार एजन्सीला दिले, पण मेलमध्ये ते आकडे, लेटर-स्पेसिंग शून्य आणि लाइन-हाइट हेडिंगला १.४, मजकुराला १.७, लिहून पाठवले आणि सांगितलं की पुढच्या मराठी गिऱ्हाइकाला हे आधी लावून द्या. त्यांनी “नोटेड” असं कळवलं. बाबांनी मात्र हेडिंगचा नवा स्क्रीनशॉट व्हॉट्सॅपच्या डीपीला लावलाय, अजून काढला नाही.