लेकीच्या बाळंतपणाआधी पासपोर्ट

तिसरा महिना सरल्यावर लेकीने फ्रँकफर्टहून बातमी दिली आणि त्याच दमात विचारलं, "आई, तुझ्या पासपोर्टचं काय?" काशी-रामेश्वर झालेलं, पण पासपोर्ट कधी लागलाच नव्हता. घरात सगळ्यांचं एकच पालुपद, तत्काळमध्ये काढा, दोन हजार गेले तर गेले.

साध्या अर्जाची फी १,५०० रुपये, तत्काळचे वर २,०००. साठीपुढच्यांना पहिल्या अर्जावर १० टक्के सूट असते, म्हणून मला १,३५० च पडले. पण पैशाचा प्रश्न नव्हताच. तत्काळने नंबर लवकर लागतो. न जुळणारे कागद कोणी जुळवून देत नाही. आणि माझे कागद पाहिले तर त्या तीन वेगळ्या बायका वाटाव्यात.

दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव आणि जन्मतारीख १ जून. आमच्या वर्गात निम्मी पोरं १ जूनचीच! शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, गुरुजी वयात बसेल अशी तारीख टाकून मोकळे. आधारवर सासरचं नाव, तारीख १ जानेवारी, कारण शिबिरातल्या पोराने फक्त साल विचारलं होतं. पॅनवर नाव-आडनाव सासरचं, मधे मात्र वडील. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, हौसेने उखाणाही घेतला, पण त्याची सरकारदरबारी नोंद कोण करणार?

म्हणून आधी राजपत्र. नाव बदलल्याची जाहिरात महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात छापून आणली. अर्ज ऑनलाइन होतो, भाच्याने भरून दिला. ते राजपत्र आणि बोर्डाचं प्रमाणपत्र घेऊन आधार केंद्रात तारीख दुरुस्त केली. आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलता येते, त्यामुळे तिथल्या मुलीने पावतीवरचा मजकूर मला मोठ्याने वाचायला लावला. मग पॅन. सगळ्यात जास्त दिवस यातच गेले, पासपोर्ट कार्यालयाचा त्यात काही संबंध नाही. अर्ज मी साधाच भरला.

अर्जात 'पूर्वी नाव बदललं आहे का' असा प्रश्न असतो. जाऊबाई म्हणाल्या, "नाही म्हण, कशाला फाटे फोडतेस?" मी हो म्हटलं, माहेरचं पूर्ण नाव लिहिलं. दहावीचं प्रमाणपत्र त्याच नावाचं असताना लपवून काय मिळणार होतं? नवऱ्याचं नाव माझ्या नावाला जोडून एका रकान्यात आणि आडनाव वेगळ्या रकान्यात, हेही तेव्हाच कळलं. पुढे व्हिसाला आणि विमानाच्या तिकिटाला अक्षर न् अक्षर तसंच लागतं.

पुण्याला मुंढव्याच्या केंद्रात वेळ मिळाली. आत ए, बी, सी असे तीन टप्पे. ए काउंटरवर कागद स्कॅन होतात, फोटो काढतात, बोटांचे ठसे घेतात. इथे पडद्यावर आपली माहिती दिसते. चष्मा विसरू नका! माझ्या गावाच्या नावात एक अक्षर जास्त पडलं होतं, तिथल्या तिथे काढलं. बी काउंटरवरच्या बाईंनी राजपत्र सावकाश वाचलं, "माहेर कुठलं?" विचारलं, आणि शिक्का मारला. सी काउंटरला बसायलाही लागलं नाही.

मग पोलीस पडताळणी. साध्या पहिल्या अर्जात ती पासपोर्ट हातात येण्याआधी होते. हवालदार घरी आले, मूळ कागद पाहिले, शेजारच्या काकूंना चार प्रश्न विचारले. काकूंनी आमच्या आंब्याच्या झाडाचा कचरा त्यांच्या अंगणात पडतो हेही सांगून घेतलं. हवालदारांनी ते लिहिलं नाही.

पासपोर्ट स्पीड पोस्टने येतो आणि ज्याचा त्याच्याच हातात देतात. पोस्टमन आला तेव्हा मी दळणाला गेलेले. ह्यांनी कितीही गळ घातली तरी त्याने दिला नाही. दुसऱ्या दिवशी आधार दाखवून मी घेतला.

व्हिसासाठी जावयाने तिकडच्या कार्यालयातून हमीपत्र काढलं आणि माझा ३०,००० युरोचा प्रवासी आरोग्य विमा उतरवला. जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, म्हणून बाळंतपणाच्या तारखेच्या पंधरा दिवस आधीचं तिकीट काढलं.

हे मात्र अजून म्हणतायत, "माझाही काढू या, तत्काळमध्ये." त्यांच्या सातबाऱ्यावर एक नाव आहे, बँकेत दुसरं.