शंभर हर्ट्झपाशी दिसलेल्या दोन रेषा

लंडनच्या दक्षिण भागातल्या एका लहान मास्टरिंग स्टुडिओत मी काम करते. जुन्या रेगे, डब आणि डिस्को तबकड्या संग्राहकांसाठी पुन्हा व्हायनिलवर काढणाऱ्या कंपन्या आमच्याकडे मूळ ध्वनिमुद्रण आणून देतात. आम्ही ते स्वच्छ करतो, लॅकरच्या, म्हणजे मऊ लेप दिलेल्या, चकतीवर कापतो आणि पुढच्या साच्यांसाठी कारखान्याकडे पाठवतो. मूळ टेप हाती आली की निम्मे काम झाले, असा बाहेरच्यांचा समज असतो. प्रत्यक्षात 1970 च्या दशकाच्या मध्यापासून पुढची काही वर्षे विकल्या गेलेल्या कित्येक टेपांतला बांधणारा थर हवेतला ओलावा पिऊन इतका चिकट झालेला असतो की, तशीच लावली तर टेप हेडला धरून किंचाळते आणि तिचा लेप खरवडून निघतो. अशी टेप आधी सुमारे 54 अंश सेल्सिअसला आठ तास किंवा त्याहून जास्त वेळ शेकावी लागते. मी सांगते आहे त्या दिवशी ओव्हनमध्ये अशीच एक डिस्कोची टेप होती आणि ती निवेपर्यंत हाती घ्यायचे काम म्हणून मी एक सात इंची जमैकन तबकडी पुढ्यात ओढली.

या तबकडीची टेप उरलेलीच नव्हती. जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनमध्ये, त्या काळी टेप महाग असल्यामुळे काम झाले की ती पुसून पुन्हा वापरली जाई, आणि जी वाचली ती उष्णतेने आणि दमटपणाने खाल्ली. म्हणून कंपनीने तीन संग्राहकांकडून एकेक प्रत उसनी आणली होती. पहिल्या बाजूला गाणे, दुसऱ्या बाजूला त्याचेच डब, म्हणजे गायन बरेचसे काढून ड्रम आणि बासभोवती नव्याने मिक्स केलेले रूप. तिन्ही प्रती अनेक नाचरात्री पाहिलेल्या होत्या. अशा वेळी मी तबकडी धुऊन वेगवेगळ्या जाडीच्या सुया लावून पाहते, कारण त्या काळच्या जड हातांनी खाचेची भिंत एका विशिष्ट उंचीवरच झिजवलेली असते आणि थोडी जाड किंवा टोक छाटलेली सुई न झिजलेल्या पट्टीवरून चालते. त्याहून मोठा त्रास मधल्या भोकाचा. जमैकन तबकड्यांचे मोठे भोक पुष्कळदा केंद्रापासून सरकलेले असते. अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नव्हे असे वाटेल. पण 60 मिलिमीटर त्रिज्येवर त्याचा अर्थ दर फेऱ्याला सूर सुमारे 0.8 टक्के वर आणि तितकाच खाली जाणे असा होतो, आणि फेरा दीड सेकंदाच्या आतच पूर्ण होतो. प्लेयरचा हात डुलायचा थांबेपर्यंत मी तबकडी केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवत बसते. एका बाजूला तासभर सहज जातो. दुरुस्तीचे सगळे श्रेय सॉफ्टवेअरला देणाऱ्यांनी हा तास एकदा पाहावा, असे मला नेहमी वाटते.

त्यानंतर नेहमीच्या क्रमाने विजेचा हम काढायचा होता. रस्त्यावरच्या डीपीजवळून जाताना जी घूं ऐकू येते, तोच हा आवाज. अ‍ॅम्प्लिफायरमधून तो ध्वनिमुद्रणात शिरतो. जमैकात वीज भारतासारखीच 50 हर्ट्झची आहे, त्यामुळे तिथल्या ध्वनिमुद्रणांत 50, 100, 150 अशा पट्ट्यांवर हम सापडतो. आवाजातल्या कंपनसंख्या दाखवणाऱ्या आलेखावर शंभराच्या आसपास एक रेषा दिसेल, ती निवडून पुसायची, एवढेच काम होते. तिथे दोन रेषा होत्या: एक 100.2 वर आणि दुसरी 104.4 वर. बासचे सूर बदलले तरी दोन्ही जागच्या हलत नव्हत्या, म्हणजे त्या संगीताच्या नव्हत्या. केंद्र आधी नीट साधले नसते तर त्या एकमेकींत पसरून मला एकच जाड पट्टा दिसला असता आणि मी तो पुसूनही टाकला असता.

मी डबची बाजू लावली. डबचा उगम 1960 च्या दशकाच्या अखेरीस ट्रेझर आइल स्टुडिओत चुकून गायकाविना कापल्या गेलेल्या तबकडीत सांगितला जातो. पुढे किंग टबीने, म्हणजे रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या ऑसबोर्न रडॉकने, किंग्स्टनच्या वॉटरहाउस वस्तीतल्या आपल्या लहानशा खोलीत मिक्सिंग टेबलालाच वाद्य केले. तयार गाण्याच्या चार ट्रॅकांवर, म्हणजे गायन आणि वाद्यांच्या टेपवरच्या स्वतंत्र पट्ट्यांवर, बोटे ठेवून गायकाला अर्ध्या शब्दावर तोडायचे, गिटारचा एक फटका इकोत सोडायचा, बाकी सगळे बंद करून ड्रम आणि बास तेवढे चालू ठेवायचे. आमच्या तबकडीच्या लेबलवर मिक्स करणाऱ्याचे नाव नव्हते. पण आलेखावर त्याचा हात दिसत होता: गिटार आणि ऑर्गन बंद झाले की 104.4 ची रेषा त्याच क्षणी तुटत होती, ते परत आले की पुन्हा उमटत होती, आणि 100.2 ची रेषा मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत अखंड होती. त्या दुपारी मी ती बाजू किती वेळा लावली ते मोजले नाही. पन्नास वर्षांपूर्वी एका माणसाने बोट कधी दाबले आणि कधी उचलले, हे मी केर म्हणून पुसायला निघालेल्या आवाजातून वाचत होते.

अर्थ सरळ होता. अखंड रेषा मिक्स करतानाच्या विजेची होती आणि ती जवळजवळ बरोबर शंभरावर असल्यामुळे तबकडीची गती ठीक होती. तुटणारी रेषा मूळ ध्वनिमुद्रणातल्या गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरची होती; तीही मुळात शंभराजवळच असणार, पण मिक्स करताना चार ट्रॅकांची टेप सुमारे 4 टक्के जलद फिरली म्हणून ती वर सरकली होती. पहिल्या बाजूलाही हेच अंतर निघाले. गाण्याचा षड्ज पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधल्या फटीत कुठेतरी लागत होता, आणि स्टुडिओतल्या पियानोवर असा सूर असायचे कारण नव्हते. मी गती त्या प्रमाणात उतरवली आणि षड्ज पांढरी दोनवर येऊन बसला. आवाजही बदलला. पोरसवदा वाटणारा गायक एकदम भरल्या छातीचा, जड पावलाचा माणूस झाला.

ते गायक लंडनमध्येच राहतात. वय सत्तरीच्या पुढे. कंपनीने तबकडीसोबतच्या मजकुरासाठी त्यांच्याशी बोलणे केले होते आणि त्यांची लेक दुपारी त्यांना स्टुडिओत घेऊन येणार, हे आधीच ठरलेले होते. इथली जमैकन मंडळी वडीलधाऱ्यांना अंकल म्हणतात, तसेच मीही म्हटले. मी त्यांना आधी तबकडीवरची गती ऐकवली, नंतर उतरवलेली. दुसरे कडवे संपेपर्यंत ते बोलले नाहीत. मग म्हणाले, की हा मी आहे. त्या दुसऱ्या पोराला मी कधी ओळखले नाही, आणि माझ्या बायकोलाही ते गाणे कधी आवडले नाही. त्यांना हीच गती तबकडीवर हवी होती. ती त्यांनी मागितली नाही, गृहीतच धरली, आणि माझी अडचण तिथून सुरू झाली.

कंपनीच्या मालकांनी फोनवर लगेच नकार दिला. संग्राहक मूळ तबकडीसाठी शेकडो पौंड मोजतात, ते नवी आणि जुनी शेजारी ठेवून ताडून पाहतात, आणि गती उतरलेली तबकडी सदोष म्हणून परत येईल, असे त्यांचे म्हणणे होते. ते खोटे नाही. स्वतःच्या प्रतीची झीज हाच अस्सल आवाज मानणारे, आणि नव्या तबकडीत ती खरखर नाही म्हणून तक्रार करणारे ग्राहक मी पाहिले आहेत. दोन्ही गती दोन तबकड्यांवर काढा, हे माझे म्हणणे खर्चावर अडले. 2020 च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातला लॅकर बनवणारा मोठा कारखाना जळाल्यापासून कोऱ्या चकत्यांसाठी जगाला मुख्यतः जपानमधल्या एका कारखान्याकडे पाहावे लागते, त्यामुळे जादा जोडी कापा असे कोणी सहजी म्हणत नाही. परवान्याचा प्रश्नही होताच. हक्क निर्मात्याच्या वारसांचे होते आणि त्यांनी दिलेला परवाना गाण्याच्या मूळ स्वरूपापुरताच होता. स्वतःच्या गळ्याचा निर्णय करण्याच्या त्या साखळीत गायक कुठेच नव्हता. जमैकन संगीताच्या पुनर्प्रकाशनात हे इतके नेहमीचे आहे की, मालकांना त्यात सांगण्यासारखे काही वाटले नाही. मला मात्र ते लाजिरवाणे वाटते.

तरीही मालक चूक आणि अंकल बरोबर, असे मला लिहिता येत नाही, आणि म्हणूनच हे लिहिते आहे. टेप कोणी आणि का जलद फिरवली, हे रेषा सांगत नाहीत. एका स्टुडिओत वाजवून घेतलेली टेप दुसऱ्या स्टुडिओत मिक्सला नेण्याची तिथे पद्धत होती, आणि दोन यंत्रांच्या गतीत फरक असू शकतो. निर्मात्याने नाचणाऱ्यांसाठी मुद्दाम गती चढवली असेल, हेही तितकेच शक्य आहे. डिस्कोच्या बाजारातही गती चढवून गाणे उजळ करणे सर्रास चाले. तो निर्णय असेल, तर ज्या हाताला डबच्या बाजूवर मी दुपारभर कलावंत म्हणत होते, गायकाला अर्ध्या शब्दावर तोडण्याचा त्याचा अधिकार जिथे मी आनंदाने मान्य करत होते, त्याच हाताने पहिल्या बाजूला त्याच गायकाची गती चढवली तर तो अन्याय कसा झाला? आणि तो अन्याय नसेल, तर माझ्यासमोर बसलेल्या माणसाने अर्धे आयुष्य दुसऱ्याच्या आवाजाने ओळखले जाण्याला काय म्हणायचे? मी ही दोन्ही वाक्ये मनात शेजारी ठेवून पाहते आणि ती एकमेकांना मिटवत नाहीत.

मी जुन्या तबकडीवरचीच गती कापली. हम मात्र डबच्या बाजूवरून काढला नाही. नुसताच थोडा खाली आणला, कारण तो पुसणे म्हणजे त्या बोटांची खूण पुसणे झाले असते. कंपनीने ते मान्य केले आणि तबकडी निघाली. चाचणीची प्रत ऐकताना आतल्या फेऱ्यांतही बास स्वच्छ राहिला होता, आणि या कामाबद्दल मला अभिमान आहे.

त्याच संध्याकाळी, उरलेल्या एका दहा इंची चकतीवर, मी अंकलसाठी उतरवलेल्या गतीचे गाणे कापून दिले. नाचरात्री भरवणारे जमैकन साउंड सिस्टिमवाले पूर्वी अशाच चकत्या कापून घेत आणि तशाच वाजवत. तिचा लेप मऊ असतो; सुई प्रत्येक फेरीत त्यातले थोडे घेऊन जाते आणि काही डझन वेळा वाजवल्यावर वरचे सूर विटू लागतात. हे मी त्यांना स्पष्ट सांगितले होते. मागच्या आठवड्यात त्यांच्या लेकीचा फोन आला, की चकती आता खरखरते आहे आणि वडील रोज सकाळी लावतात, दुसरी मिळेल का. पहिली मी कोणाला न विचारता दिली होती. दुसरी द्यायची तर मालकांना विचारावे लागेल, मालकांना वारसांना विचारावे लागेल, आणि त्यांनी नाही म्हटले तर पहिलीचेही उत्तर द्यावे लागेल. ती फाइल माझ्याकडे आहे. मी अजून कोणाला विचारलेले नाही.